एनर्जी स्प्रेडचा फीडबॅक लूप: कंट्रोल रूममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात १९८८ पासून चालू असलेला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन, म्हणजे स्थिर व्होल्टेजने कणांना वेग देणारं यंत्र, आहे. त्याची ऊर्जा स्थिर ठेवायची पद्धत इतकी सरळ आहे की फीडबॅक शिकायला तिथूनच सुरुवात करावी. बीम ९० अंशांच्या चुंबकातून वळवतात आणि पुढे दोन पट्ट्यांमधल्या फटीतून सोडतात. ऊर्जा वाढली की बीम कमी वळतो आणि बाहेरच्या पट्टीवर जास्त करंट पडतो, घटली की आतल्या पट्टीवर. दोन करंटांची वजाबाकी घ्यायची आणि तिच्यावरून कोरोना सुयांचा करंट कमीजास्त करून टर्मिनलचं व्होल्टेज जागेवर आणायचं. वजाबाकीला चिन्ह असतं, त्यामुळे कुठल्या बाजूला जायचं हे लूपला कळतं.

आता त्याच पट्ट्यांवरून ऊर्जेचा पसारा, म्हणजे एनर्जी स्प्रेड, ओळखायचा म्हटला तर? पसारा वाढला की दोन्ही पट्ट्यांवरचा करंट वाढतो, म्हणजे बेरीज फुगते. काहीतरी बिघडलंय एवढं दिसतं, पण कुठला नॉब कुठल्या दिशेने फिरवायचा याचा त्या बेरजेत मागमूसही नसतो. आरएफ लिनॅकवर, म्हणजे रेडिओ लहरींनी कणांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रावर, स्प्रेडचा लूप लावताना नव्या माणसाचा बहुतेक वेळ याच एका अडचणीत जातो. मॅन्युअलमध्ये मात्र तिच्यावर जेमतेम एखादी ओळ असते.

इथे उदाहरण घेतलंय ते कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या एलसीएलएसचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण लेझर बनवणाऱ्या यंत्राचं. जुन्या तीन किलोमीटर लिनॅकच्या शेवटच्या एक किलोमीटरवर उभं राहिलेलं हे यंत्र एप्रिल २००९ मध्ये १.५ अँगस्ट्रॉमवर पहिल्यांदा लेझ झालं. तांब्याच्या कॅव्हिटी, २८५६ मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला १२० पल्स. आकडे समजून घ्यायला सोयीचं यंत्र आहे.

आधी ठरवा: कुठला पसारा?

स्क्रीनवर शंभर पल्सची सरासरी प्रतिमा घेतली आणि ती रुंद दिसली, तर त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे दर पल्सला ऊर्जा थोडी हलते, ते जिटर. दुसरी, एकाच बंचमध्ये (इलेक्ट्रॉनांच्या एका पुंजक्यात) पुढच्या आणि मागच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत असलेला पद्धतशीर फरक, म्हणजे चर्प. तिसरी, बंचचा अगदी पातळ काप घेतला तरी त्यात उरणारा विस्कळीतपणा, म्हणजे स्लाइस स्प्रेड.

आरएफचा फेज आणि अँप्लिट्यूड हलवून पहिल्या दोन गोष्टी आवरता येतात. तिसरी नाही. उलट एलसीएलएसमध्ये १३५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेवर लेझर हीटर बसवून स्लाइस स्प्रेड मुद्दाम २० केईव्हीच्या आसपास वाढवतात, नाहीतर पुढे मायक्रोबंचिंगची, म्हणजे बंचमध्ये बारीक गाठी पडण्याची, अस्थिरता माजते. म्हणून ‘स्प्रेड कमी करा’ असं कुणी सांगितलं, तर कुठला, हे विचारायला संकोच करू नका.

स्टोअरेज रिंगवाल्यांनी (बीम गोल फिरवत ठेवणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी) हा लेख जरा जपून वाचावा. इंदूरच्या इंडस-२ सारख्या २.५ जीईव्हीच्या रिंगमध्ये स्प्रेड मुळात सिंक्रोट्रॉन किरणोत्सर्गाच्या समतोलातून ठरतो. तिथले लाँगिट्यूडिनल फीडबॅक बंच एकमेकांना हलवू लागतात ते थोपवण्यासाठी असतात. तो वेगळा विषय आहे.

लॅपटॉपवर पहिला तास

मशीनला हात लावण्याआधी हे करून बघा. पायथॉनमध्ये दहा हजार कण घ्या आणि त्यांना एक पिकोसेकंद सिग्माचा गॉसियन पसारा द्या. २८५६ मेगाहर्ट्झवर एक पिकोसेकंद म्हणजे साधारण १.०३ अंश. प्रत्येक कणाची ऊर्जा त्याच्या फेजच्या कोसाइनइतकी धरा आणि सगळ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा.

बंच बरोबर क्रेस्टवर, म्हणजे आरएफ लाटेच्या माथ्यावर, असेल तर उत्तर ०.०२३ टक्के येईल. हातानेही ताळा करता येतो: रेडियनमधल्या सिग्माचा वर्ग भागिले दोनचं वर्गमूळ. आता बंच क्रेस्टपासून १० अंश सरकवा, उत्तर ०.३२ टक्क्याच्या आसपास जाईल, म्हणजे जवळजवळ चौदापट. मग फेज उणे १५ ते अधिक १५ अंशांपर्यंत फिरवून आलेख काढा. मध्यभागी तळ आणि दोन्हीकडे सारखाच चढ असलेली दरी दिसेल. हा आलेख छापून टेबलावर ठेवा. पुढे लूप का हुकतो असा प्रश्न पडला की बहुधा याच कागदावर उत्तर सापडतं.

दुसऱ्या फेरीत वेकफिल्ड घाला. पुढचे इलेक्ट्रॉन कॅव्हिटीत जे क्षेत्र मागे सोडतात ते मागच्यांची ऊर्जा खातं. त्याची भरपाई करायची तर बंच क्रेस्टच्या थोडा आधी न्यावा लागतो, म्हणजे मागून येणाऱ्यांना जास्त क्षेत्र मिळतं. त्यामुळे दरीचा तळ क्रेस्टवरून सरकतो. किती सरकतो ते चार्जवर अवलंबून असतं. म्हणून २५० पिकोकुलोंबला शोधलेला फेज २० पिकोकुलोंबला चालत नाही.

मोजमाप पक्कं करा

बीम चुंबकातून वळला की वेगवेगळ्या ऊर्जेचे कण वेगवेगळ्या जागी पडतात. एकक ऊर्जाफरकाला किती सरकतात, ते डिस्पर्शन. समजा डिस्पर्शन पाव मीटर आहे आणि स्प्रेड ०.१ टक्का, तर त्यामुळे येणारी रुंदी २५० मायक्रॉन. पण बीमला स्वतःचीही रुंदी असते. २५० एमईव्हीला, एक मायक्रॉन नॉर्मलाइज्ड एमिटन्स (बीम किती विस्कटलेला आहे याचं माप) आणि १० मीटर बीटा (त्या जागी चुंबक बीमला किती रुंद ठेवतात याचं माप) धरला तर ती १४३ मायक्रॉन येते. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की स्क्रीनवर २८८ मायक्रॉन दिसतील. बीमची रुंदी वजा न करता हिशेब केलात तर ०.१ ऐवजी ०.११५ टक्के वाचाल, आणि ०.०५७ टक्क्याच्या खालचा स्प्रेड तर बीमच्या रुंदीतच बुडून जाईल. क्वाड्रुपोल (बीम एकवटणारे चुंबक) जुळवून त्या जागी बीटा एक मीटरवर आणला तर हाच तळ ०.०१८ टक्क्यापर्यंत खाली येतो. स्क्रीनचा कॅमेरा बदलण्याआधी ऑप्टिक्सवाल्यांशी बोला. काम बहुतेक वेळा तिथेच होतं.

डिस्पर्शन मॉडेलमधून उचलू नका, मोजा. आरएफने ऊर्जा थोडी वाढवा आणि बीपीएमवर (बीमची जागा सांगणाऱ्या उपकरणावर) बीम किती सरकला ते लिहून ठेवा. मग चुंबकाचा करंट वाढवून बीम मूळ जागी आणा. करंट जितके टक्के वाढवावा लागला तितकेच टक्के ऊर्जा वाढली होती. चुंबक हिस्टेरेसिसमुळे, म्हणजे आधीच्या करंटचा ठसा धरून ठेवल्यामुळे, फसवतो, म्हणून ठरलेल्या सायकलनेच त्या करंटवर या. या एका प्रयोगात डिस्पर्शनही मिळतं आणि आरएफच्या नॉबचं कॅलिब्रेशनही.

साधनांबद्दल थोडक्यात. बीपीएम फक्त बीमचा मध्य सांगतो, रुंदी नाही. स्क्रीन रुंदी सांगतो पण बीमच्या वाटेत येतो, त्यामुळे दर पल्सच्या लूपला निकामी. वायर स्कॅनर सौम्य आहे पण सावकाश. वळणावर निघणारा सिंक्रोट्रॉन प्रकाश पाहणं सगळ्यांत सोयीचं: स्लॅकच्याच जुन्या कोलायडरमध्ये छोटा विगलर बसवून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या पट्टीची रुंदी बघत असत. एक सापळा मात्र लक्षात ठेवा. एलसीएलएसमध्ये कंप्रेसरनंतरचे (बंच आखूड करणाऱ्या चुंबकांनंतरचे) ओटीआर स्क्रीन, म्हणजे बीम पातळ पत्र्यावर पडताना निघणारा प्रकाश बघणारे स्क्रीन, दगा देऊ लागले, कारण घट्ट दाबलेला बंच कोहिरंट, म्हणजे एकतालातला, प्रकाश टाकतो आणि मग चकाकीवरून चार्ज कुठे किती आहे हे कळत नाही. चित्र झगझगीत दिसतं, आकडा खोटा असतो.

लूप न लावता नोंद घ्या

ही पायरी सगळे गाळतात. सगळे लूप बंद ठेवून काही हजार पल्सची ऊर्जा, चार्ज आणि प्रत्येक क्लायस्ट्रॉनचा (कॅव्हिटीला आरएफ शक्ती पुरवणाऱ्या नळीचा) फेज नोंदवा. त्याचा स्पेक्ट्रम काढा. तासाभरात तापमानाबरोबर सरकणारा ड्रिफ्ट लूपला आवरता येतो. एका पल्सहून दुसऱ्या पल्सला बदलणारं, कशाशीच नातं नसलेलं जिटर आवरता येत नाही. ते मॉड्युलेटर (क्लायस्ट्रॉनला व्होल्टेजच्या पल्स देणारं यंत्र) दुरुस्त करूनच कमी होतं. एलसीएलएसच्या लिनॅकचे टप्पे एल-१, एल-२, एल-३ असे आहेत; त्यातल्या एल-१ सारख्या नाजूक भागात फेज ०.१ अंश आणि अँप्लिट्यूड ०.१ टक्का इतकी स्थिरता मुळातच लागते. ती हार्डवेअरने द्यायची असते. फीडबॅककडून ती अपेक्षा धरली की दोन्हीकडून निराशा पदरी पडते.

नोंदीत आणखी एक गोष्ट दिसेल. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. १२० पल्सच्या यंत्रात एक पल्स मेन्सच्या एका अर्ध्या लाटेवर पडते आणि पुढची दुसऱ्या अर्ध्या लाटेवर. दोन्हींची सरासरी ऊर्जा थोडी वेगळी असू शकते. सम आणि विषम पल्स वेगळ्या रंगात काढून बघा. हे पुढे लागणार आहे.

ऊर्जेचा लूप आधी

स्प्रेडच्या लूपला आधी हात लावू नका. मध्य ऊर्जा हलत असेल तर बीम वळणात जागा सोडतो, डिस्पर्शन आणि बीटा बदलतात आणि रुंदीचं मोजमापच डळमळीत होतं.

एक बीपीएम पुरत नाही. वळणाच्या आधी बीम थोडा तिरका आला तरी वळणातल्या बीपीएमवर तो ऊर्जाबदलासारखाच दिसतो. वळणाच्या आधीच्या दोन बीपीएमवरून जागा आणि कोन काढा, त्यांचा वाटा वजा करा, उरेल ती ऊर्जा.

आता नॉब. एकाच क्लायस्ट्रॉनचा फेज हलवून ऊर्जा बदलली तर चर्पही बदलतो, आणि दोन्ही लूप एकमेकांच्या पायात पाय अडकवतात. यावरचा तोडगा मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो: दोन सारखी स्टेशनं (क्लायस्ट्रॉन आणि त्याच्या कॅव्हिटी) घ्या, एकाचा फेज अधिक ६० अंश, दुसऱ्याचा उणे ६०. दोघांची कोसाइनची बेरीज होते आणि साइनचे भाग एकमेकांना खोडतात. दोघांना विरुद्ध दिशेने सारखं हलवलं की ऊर्जा बदलते आणि चर्प जागच्या जागी राहतो. एलसीएलएसमध्ये सेक्टर २९ आणि ३० हेच काम करतात. चर्पसाठी दुसरा नॉब ठेवा, म्हणजे वरच्या, बीम आधी ज्यातून जातो त्या भागाचा एकत्रित फेज, आणि त्यामुळे होणारा ऊर्जाबदल ऊर्जेच्या लूपला सावरू द्या.

दिशा कळणार कशी?

आता दरीच्या तळाशी यायचं. स्प्रेड ०.०५ टक्क्याने वाढलाय. फेज वाढवू की कमी करू?

जुन्या रेडिओवर ‘मुंबई ब’ लावताना खरखर आली, तर आपण काटा थोडा इकडे, थोडा तिकडे करून बघायचो आणि जिकडे आवाज सुधारेल तिकडे न्यायचो. इथेही तेच करायचं, फक्त मोजूनमापून. याला डिदर म्हणतात. व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबच्या सीबॅफ यंत्रात लिनॅक क्रेस्टवर ठेवण्यासाठी मास्टर ऑसिलेटरच्या फेजला असाच बारीक हेलकावा देऊन वळणातल्या बीपीएमवर त्याचा पडसाद बघतात.

यातली खुबी अशी, की पडसाद स्प्रेडमध्ये शोधायचा नाही, मध्य ऊर्जेत शोधायचा. ऊर्जा फेजच्या कोसाइनवर चालते, म्हणून फेजला दिलेल्या छोट्या धक्क्याचा परिणाम साइनवर जातो. क्रेस्टवर तो शून्य, एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण. हवं होतं ते चिन्ह मिळालं.

आकडे घालू. पूर्ण ऊर्जा याच लिनॅकमधून येते असं धरा, बंच क्रेस्टपासून ३ अंश दूर आहे आणि डिदर अधिक-उणे ०.१ अंश. ऊर्जा ०.००९१ टक्क्याने वर-खाली होईल. दर पल्सचं जिटर ०.०३ टक्के असेल तर एका पल्समध्ये काहीच दिसणार नाही. पण ९०० पल्सची सरासरी घेतली की नॉइज तीसपट खाली येतो, ०.००१ टक्क्यावर. १२० हर्ट्झला हे साडेसात सेकंदांचं काम, आणि फेज अंशाच्या एक तृतीयांशापर्यंत नक्की कळतो. ड्रिफ्टसाठी हा वेग भरपूर झाला. सीबॅफचा बीम अखंड असल्यामुळे तिथे हे आणखी सोपं जातं.

मात्र डिदर एका पल्सला अधिक, पुढच्या पल्सला उणे असा देऊ नका. वर सम-विषम पल्सचा फरक बघितलात ना? तो फरक थेट डिदरचा पडसाद म्हणून वाचला जाईल आणि लूप मोठ्या आत्मविश्वासाने फेज भलतीकडे नेऊन ठेवेल. दोन अधिक, दोन उणे असा क्रम ठेवा. मग दोन्ही प्रकारच्या पल्सना दोन्ही चिन्हं मिळतात आणि मेन्सचा वाटा गळून पडतो. आणि डिदर चालू असताना ऊर्जेचा लूप तोच हेलकावा पुसून टाकत नाही ना, तेही पाहा. त्याचा गेन (दुरुस्तीचा जोर) कमी ठेवा, किंवा चार-चार पल्सच्या सरासरीवर चालवा.

वेकफिल्डमुळे दरीचा तळ क्रेस्टवर नसतो, हे वर आलंच आहे. म्हणून लूपचा सेटपॉइंट शून्य ठेवायचा नाही. आधी स्क्रीन किंवा वायर स्कॅनरने फेज फिरवून सर्वांत कमी स्प्रेडची जागा शोधा, तिथे डिदरचा पडसाद किती येतो ते टिपा आणि लूपला तोच आकडा धरायला सांगा. चार्ज बदलला की हे पुन्हा.

दुसरी वाट एलसीएलएसने धरली. तिथे अंतिम स्प्रेड दर पल्सला मोजून लूप चालवण्याऐवजी तो जिथे घडतो तिथेच पकडतात. एल-२ लिनॅक क्रेस्टपासून तीस-चाळीस अंश दूर चालतो, कारण चिकेनमध्ये (कंप्रेसरच्या वळणदार चुंबकांत) बंच दाबायला चर्प हवाच असतो. आपण तिथे दरीच्या तळाशी नसून उतारावर असतो, त्यामुळे दिशेचा प्रश्न येत नाही. दोन कंप्रेसरनंतर पायरोइलेक्ट्रिक डिटेक्टर बंचच्या कोहिरंट उत्सर्जनावरून त्याची लांबी सांगतात. चार जागची ऊर्जा आणि दोन जागची बंचलांबी अशा सहा गोष्टी, सहा आरएफ नॉबनी, एकाच मॅट्रिक्समधून आवरल्या जातात. दुसऱ्या कंप्रेसरनंतर उरलेला चर्प एल-३ मधलं वेकफिल्ड बऱ्यापैकी खाऊन टाकतं.

पण दरी इथेही आहेच. चर्प वाढवत नेला की बंच आखूड होत जातो, एका ठिकाणी सर्वांत आखूड होतो आणि त्यापुढे उलटून पुन्हा लांबायला लागतो. डिटेक्टरला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. लूप एकदा त्या टोकापलीकडे गेला की प्रत्येक दुरुस्ती त्याला आणखी दूर ढकलते. म्हणून फेजच्या नॉबला सॉफ्टवेअरमध्ये घट्ट मर्यादा घाला, आणि ट्रान्सव्हर्स डिफ्लेक्टिंग कॅव्हिटीने (बंचला आडवं पसरवणाऱ्या कॅव्हिटीने) बंचची खरी लांबी मोजून आपण कुठल्या बाजूला आहोत याची अधूनमधून खात्री करा.

गेन किती?

नव्या माणसाचा हात गेनवर फार लवकर जातो. साधा इंटिग्रेटर घ्या: दर पल्सला त्रुटीचा ठरावीक भाग नॉबवर वजा करायचा. भाग ०.१ असेल तर लूप साधारण दहा पल्समध्ये, म्हणजे ८३ मिलिसेकंदांत सावरतो आणि सुमारे २ हर्ट्झच्या खालचा ड्रिफ्ट आवरतो. त्याची किंमत म्हणजे निव्वळ यादृच्छिक जिटर २.६ टक्के वाढतं. गेन ०.५ केला तर १५ टक्के, १ केला तर ४१ टक्के. लूप लावल्यावर बीम जास्त थरथरायला लागला, तर दोष बहुधा इथे असतो.

उशीरही मोजा. मोजमाप एक पल्स जास्त उशिरा पोचलं तर स्थिरतेची मर्यादा २ वरून थेट १ वर येते. नेटवर्कमधून आकडे येत असतील तर किती पल्स उशीर होतो ते टाइमस्टँपवरून स्वतः तपासा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

एकामागोमाग अनेक लूप असतील तर वरच्या लूपने दुरुस्त केलेलीच त्रुटी खालचेही दुरुस्त करू लागतात आणि बीम पलीकडे जातो. मोठ्या मॅट्रिक्समध्ये सगळं एकत्र घ्या, नाहीतर वरच्या लूपने खालच्याला आपण काय केलं ते कळवलं पाहिजे.

लूपला कधी थांबवायचं

चार्ज ठरावीक मर्यादेखाली गेला, की ती पल्स लूपने बघायचीच नाही. नॉब आहे तिथे धरून ठेवायचा. नाहीतर गनचा (इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या स्रोताचा) लेझर क्षणभर बंद पडला तरी बीपीएमवर नुसता नॉइज येतो आणि लूप त्या नॉइजमागे धावत सुटतो. क्लायस्ट्रॉन ट्रिप झाला की तेच: लूप गोठवा, राखीव स्टेशन घ्या, ऊर्जा हाताने जवळ आणा, मग सोडा. नॉब मर्यादेला टेकला असेल तर इंटिग्रेटरही तिथेच थांबला पाहिजे. तो आतल्या आत मोजत राहिला तर नंतर मोठी उडी मारतो.

शेवटी चाचणी. चर्पच्या नॉबपेक्षा वरच्या एखाद्या स्टेशनचा फेज मुद्दाम अर्धा अंश हलवा. लूप चालू असताना स्प्रेड किती वेळात परत आला ते पाहा, आणि कुठला नॉब किती हलला तेही पाहा. उलट दिशेने पुन्हा करा. दोन्ही वेळा वर्तन सारखं नसेल, तर तुम्ही दरीच्या तळाशी नाही, नाहीतर मॅट्रिक्स जुनं झालंय. हे चार्ज बदलल्यावर आणि प्रत्येक शटडाउननंतर करायचं. एरवी शिफ्टला आल्यावर स्प्रेडच्या आलेखाआधी नॉबचा आलेख उघडा. स्प्रेड सपाट आहे पण फेजचा नॉब कालपासून चार अंश चढलाय, तर कुठेतरी केबल तापतेय किंवा पाण्याचं तापमान सरकतंय. नॉब मर्यादेला टेकण्याआधी आरएफवाल्यांना फोन करा.